पुढे चालणारी

यादोरावानं बायकोला टाकलं, असं बोरटोल्यात कोणी म्हणू शकत नव्हतं. बोलायला जागाच त्यानं ठेवली नव्हती. रुख्माला त्यानं शेत राखायला पाठवलं होतं, इतकंच. लग्नाची बायको नवऱ्याच्या शेतावर राहते, धान राखते, यात वाईट काय आहे? पहिल्या वर्षी तो म्हणाला, "हलका धान निघतवरी राह्य." हलका धान निघाला तेव्हा भारी धान उभा होता. भारी धान कापला तर धानाच्या बांध्यांमधून लाखोरीची डाळ पेरली होती. लाखोरी उपटली तर मोहफुलं वेचायला झोपडीच जवळ पडत होती. असं करता करता वर्षं उलटली, आणि नागझिऱ्याच्या जंगलाला लागून असलेली ती धानाच्या तणसाची झोपडी म्हणजेच मोठीचं घर, असं सगळे धरून चालले.

मोठी म्हणजे रुख्मा. लहानी म्हणजे शामकला. रुख्माची कूस उजवली नाही म्हणून यादोरावानं दुसरं लग्न केलं आणि शामकलाला आणलं. पुढे शामकलाचीही उजवेना. तरी दोष कोणात आहे, हे गावात कोणी तोंडातून काढलं नाही. असल्या बाबतीत आपली माणसं फार सभ्य असतात.

रुख्मानं सगळं सोसलं, पण एक गोष्ट धरून ठेवली. घरातल्या पाण्याच्या घडवंचीवर तिचा पितळी गुंड होता. तिच्या माहेरी, मुर्रीला, लेकीबरोबर असा पाण्याचा गुंड द्यायची रीत. तो बाईबरोबर सासरी येतो, आणि बाई मेली किंवा नवऱ्यानं काडीमोड घेतली तरच माहेरी परत जातो. झोपडीवर येताना रुख्मानं चूल मांडायला भांडी नेली, वाकळ नेली, विळा नेला. गुंड नेला नाही. झोपडीत ती मातीच्या मडक्यातलं पाणी प्यायची. गुंड घरात आहे तोवर मी घरात आहे, असा तिचा हिशेब होता. शामकला रोज भाकर घेऊन यायची तेव्हा रुख्मा सगळ्यात आधी विचारायची, "गुंड घासला होता का वो?" शामकला म्हणायची, "घासला, बाई. चिंचेनं घासला." मग रुख्मा जेवायला बसायची.

आता घोड्यांचं. मालगुजारी, आपल्याकडची जमीनदारी, गेली तेव्हा शेजारच्या गावचा मालगुजार नागपूरला राहायला गेला. चांगली जनावरं त्यानं विकली. ज्यांना गिऱ्हाईक मिळेना त्या रोडक्या घोड्या आणि त्यांची शिंगरं पागेचं दार उघडून हाकलून दिली. म्हणाला, जंगल मोठं आहे, खातील. घोडे जंगल खातील की जंगल घोड्यांना खाईल, ते काही त्यानं सांगितलं नाही. पण ती जनावरं जगली. एका घोडीमागे दुसरी लागली, कुठून तरी एक काळा घोडा येऊन मिळाला, शिंगरं झाली. दोन-तीन वर्षांत माणसाचा हात विसरलेला चांगला कळप झाला. दिवसा तो जंगलात असायचा. धान दुधावर आला की दिवस मावळताना आणि पहाटे बांध्यांमध्ये उतरायचा. गावानं त्यांना शिव्या घातल्या, मालगुजाराला घातल्या, सरकारलाही घातल्या. यादोरावाचं शेत जंगलाच्या तोंडाशी, म्हणून पहिला घास त्याच्याच धानाचा. आणि म्हणूनच झोपडीत राखणदार पाहिजे होता. खरं सांगायचं तर त्या घोड्यांनीच रुख्माची जागा टिकवून ठेवली होती. हे तिला तेव्हा कळलं नाही. कळायला हवं होतं.

डबा वाजवून, गोफण फिरवून ती त्यांना हाकलायची. पण हाकलायला आधी बघावं लागतं, आणि बघता बघता तिला त्यांची ओळख पटत गेली. माणूस आला की काळा घोडा पुढे यायचा, मान ताठ करून फुरफुरायचा, पाय आपटायचा. लोक त्याच्याकडेच बघत राहायचे. तेवढ्यात मागे एक लाखेच्या रंगाची, पोट सुटलेली, एका कानाला खाच असलेली घोडी शांतपणे वळायची आणि चालू लागायची. ती चालली की बाकीच्या घोड्या चालायच्या, शिंगरं चालायची. सगळे गेले की शेवटी काळा घोडा कळपामागून पळत सुटायचा. शेताजवळच्या बोडीवर, त्या लहान तळ्यावर, पाण्याला यायचं तरी तसंच. कुठून उतरायचं, कधी उतरायचं, सगळं त्या घोडीनं ठरवायचं. ती आधी पाण्याला तोंड लावायची, बाकीच्या थांबायच्या. जंगलात काही हललं की ती शिंगरांना मध्ये घालून उभी राहायची, आणि तिच्याभोवती बाकीच्यांचा कोट व्हायचा.

"ते मोठी हाये, बाई," एकदा शामकला म्हणाली. "तुह्यासारखी."

"माह्यासारखी कायले? तिले कोणी झोपडीत नाई ठेवलं."

दोघी हसल्या. मग हे त्यांचं रोजचंच झालं. भाकर खाऊन झाली की शामकला रुख्माच्या केसांना तेल लावत बसायची आणि दोघी मिळून कळप बघायच्या. भर दुपारी जंगलाच्या कडेला सावलीत त्या घोड्या जोडीजोडीनं उलटसुलट उभ्या राहायच्या, एकीचं तोंड दुसरीच्या शेपटीकडे, आणि एकमेकींच्या डोळ्यांवरच्या माश्या शेपटीनं वारायच्या. वयात आलेल्या शिंगरांना काळा घोडा चावे घेऊन बाहेर काढायचा, तेव्हा ती दूर जाऊन हिरमुसली उभी राहायची. एका वर्षी दुसराच एक कबरा घोडा आला. काळ्याशी त्याची जुंपली. बांधीतला चिखल उडाला, दोघं मागच्या पायांवर उभे राहिले, चावले, किंचाळले. दोघींना वाटलं आता कळपाचं काय होतं आणि काय नाही. घोड्या मात्र खाली मान घालून चरत होत्या. लाखी घोडीनं एकदा मान वर केली, बघितलं, आणि परत गवताला तोंड लावलं. शेवटी कबरा पळाला, काळा राहिला. कबरा राहिला असता तरी घोड्यांचं काही बिघडलं नसतं.

शामकला पदर तोंडाला लावून हसत सुटली. "त्यायच्यात नवरा बदलते, बाई. बाया नाई बदलत."

"म्हने बाया नाई बदलत," रुख्मानं री ओढली, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. सवत म्हणून आलेली ही पोर आपल्याला बहिणीपेक्षा जवळची झाली, हे तिला कोणाला सांगायची सोय नव्हती. नवऱ्यानं केलेल्या अन्यायातून तिला मिळालेली ही एकच चांगली गोष्ट होती.

त्या वर्षी धान बरा आला आणि घोड्यांनी त्याचा फडशा पाडायला घेतला. पारावर बैठक बसली. यादोराव बोलायला पुढे, तो नेहमीच असायचा. तो म्हणाला, "कळप म्हंजे का? नराचा दरारा. नर धरला का बाया जातीन कोठी? आपोआप येतीन." सगळ्यांना पटलं. सगळे नरच बसले होते. मग चार दिवस त्यांनी काळ्या घोड्यामागे धावाधाव केली. जाळी लावली, खड्डा खणला. घोडा दर वेळी समोर उभा राहून फुरफुरला, त्यांना भरपूर पळवलं, आणि तेवढ्या वेळात बाकीचा कळप दुसऱ्या बाजूनं उतरून बकारामची बांधी खाऊन गेला. बकाराम म्हणजे शेजारच्या शेताचा मालक, तोंडाचा फटकळ. तो भर पारावर म्हणाला, "यादोराव, तुहा नर तं लय कामाचा निघाला गा." लोक खो खो हसले. यादोराव मान खाली घालून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी तो झोपडीवर आला.

रुख्मा पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा भाजत होती. तो येताना दिसला तसा तिनं पदर सारखा केला, आणि असं केल्याचा तिला स्वतःचाच राग आला. इतक्या वर्षांत तो शेतावर खूपदा आला होता, पण बांधावरून ओरडून परत जायचा. आज तो झोपडीशी आला, लाकडावर बसला, आणि शेंगा मागून घेतल्या. सोलता सोलता म्हणाला, "लोक हासून राह्यले."

तिनं विस्तवावरच्या शेंगा परतल्या.

"रुख्मा," तो म्हणाला. शामकला आल्यापासून त्यानं तिला नावानं हाक मारली नव्हती. "तू रोज पाह्यतेस त्यायले. तुले का वाटते?"

असं विचारलं त्यानं. तुला काय वाटतं! लग्न झालं तेव्हा तो असंच विचारायचा. कोणत्या बांधीत आधी रोवणी करू, बैल कोणता घेऊ, तळ्याच्या पाळीला माती कुठून काढू. तिनं सांगावं आणि त्यानं करावं, आणि पारावर जाऊन स्वतःचं म्हणून सांगावं. तेव्हा तिला त्याचा राग यायचा. आता तेवढ्या एका प्रश्नानं ती पार विरघळली. शहाणपण असं असतं, ज्याला हवं आहे त्यानं गोड बोलून विचारलं की बाई सगळं ओतून मोकळी होते.

"घोड्याच्या मांगं कायले लागले तुमी?" ती म्हणाली. "तो नुसता बोंबलते. कळप त्या लाख्या घोडीचा हाये. ते पुढं चालते, बाकीच्या मांगं. पाण्यावर ते आधी उतरते, एकटीच. बोडीच्या पाळीतून खाली जायले एकच वाट हाये. थेच तिची वाट. तिले धरा, कळप फुटते."

त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. "मांगच्या आपोआप येतीन?"

"थोडा वेळ येतीन. मंग फुटतीन."

तो उठला. जाताना म्हणाला, "धान निघाला का घरी ये आता. किती दिवस राह्यतेस इथं!"

ती बराच वेळ त्या लाकडाकडे बघत बसली. नंतर शामकला भाकर घेऊन आली, तर रुख्माच्या तोंडावर हसू मावत नव्हतं. तिनं सगळं सांगितलं. घरी ये म्हणाला, हे दोनदा सांगितलं. शामकलाचा चेहरा उतरत गेला.

"काऊन सांगतलं, बाई?"

"का झालं?"

"घोडे गेले मंग तुले इथं कायले ठेवतीन? आन् घरी तं..." ती थांबली. "घरी तुह्यासाठी काम का हाये?"

रुख्मा चिडली. म्हणाली, लहानी, तुला माझं बरं बघवत नाही. शेवटी सवत ती सवतच. शामकला भांडी उचलून गेली. त्या दिवशी रुख्मानं गुंडाचं विचारलं नाही.

दोन दिवसांनी पहाटे बोडीच्या वाटेवर चिखलाखाली फास टाकला. माणसं झुडपांआड बसली. यादोरावानं रुख्माला सांगितलं, "तू पाळीवर उभी राह्य. रोज राह्यतेस तशी. तुह्या सवयीची हाये ते." रुख्मा उभी राहिली. फटफटलं तसा कळप जंगलातून उतरला आणि पाळीशी थांबला. लाखी घोडी पुढे आली. तिला काही तरी वेगळं जाणवलं असणार; तिनं नाक वर करून वास घेतला, कान टवकारले. मग तिची नजर रुख्मावर गेली. ही रोजचीच आहे, असं बघून तिनं कान सैल सोडले आणि वाटेत पाय टाकला.

रुख्मानं ते बघितलं. ओरडावं असं तिला वाटलं, आणि ती ओरडली नाही. हे तिला पुढे जन्मभर आठवायचं होतं.

फास ओढला. घोडी पडली, उठली, परत पडली. काळा घोडा थोडा वेळ नाचला, फुरफुरला आणि जंगलात पळाला. ज्याच्या नावानं एवढी बैठक झाली होती तो हा नर. घोड्या मात्र गेल्या नाहीत. त्या पाळीवर तशाच उभ्या राहिल्या, खाली बघत, तिनं चालायची वाट बघत. काठ्या घातल्या तरी चार पावलं सरायच्या आणि परत यायच्या. शेवटी दगड मारून हाकलल्या आणि लाखीला यादोरावाच्या गोठ्यात नेऊन बांधलं. पुढे कितीतरी दिवस त्या जंगलाच्या कडेला येऊन ओरडायच्या. मग कळप फुटला, रुख्मानं सांगितलं होतं तसाच. दोघी-तिघी काळ्याबरोबर गेल्या, बाकीच्या कुठेकुठे पांगल्या. मध्ये घालून उभं राहायला कोणी नव्हतं, एक शिंगरू बिबट्यानं नेलं. त्याची हाडं बकारामच्या शेताच्या धुऱ्यावर सापडली.

यादोरावाची पारावर वाहवा झाली. घोडीची गोष्ट त्यानंच ओळखली, असं तो म्हणाला.

शब्दाला मात्र तो जागला. धान निघाला तसा रुख्माला घरी आणलं. झोपडी मोडून तिचं तणस बैलांना घातलं. घरी आल्या आल्या ती घडवंचीशी गेली. गुंड चकचकत होता. तिनं त्यातलं लोटाभर पाणी काढून उभ्यानंच पिऊन घेतलं. मग यादोरावानं सांगितलं की घोडी घरच्या कोणाच्या हातचं नीट खात नाही, जवळ जाईल त्याला चावते, तर मोठीची खाट गोठ्यातच टाका. खाट गोठ्यात पडली. रुख्मा तिथं झोपू लागली. गुंडापासून ती आता एका भिंतीच्या अंतरावर आली होती, आणि याचंही तिला समाधान वाटलं, एवढी ती खाली उतरली होती.

घोडी पहिले काही दिवस दावं ताणून जंगलाकडे तोंड करून उभी राहायची. ओरडणं ऐकू आलं की अंगभर थरथरायची. मग ओरडणं थांबलं, तशी तीही थांबली. रुख्मा तिला चणे द्यायची, माश्या वारायची, तिच्या मानेवर हात ठेवून उभी राहायची. माफी मागायची भाषा तिच्याकडे नव्हती, म्हणून अंग चोळायची. पाण्यावर न्यायची तेव्हा आपण पुढे चालायची, दोर सैल सोडून. घोडी मागे मागे यायची. जी कधी कोणाच्या मागे चालली नव्हती ती आता रुख्माच्या टाचेला टाच लावून चालायला शिकली. बायाबापड्या बघून म्हणायच्या, वशीकरण केलं बाप्पा मोठीनं. शामकला दारातून बघायची. तिचं रुख्माशी बोलणं परत सुरू झालं होतं, पण ती पूर्वीसारखी हसत नव्हती.

गोंदियाच्या मुन्नालालनं घोडी घ्यायचं कबूल केलं. त्याचे टांगे होते. दोन माणसं घोडी न्यायला आली, तर एकाच्या हाताला ती चावली आणि दुसऱ्याला तिनं लाथेनं उडवलं. ते मोकळेच परत गेले. संध्याकाळी यादोराव गोठ्याच्या दारात आला.

"उद्या तूच पोचवून दे. तुह्या मांगं येते ते. मुन्नालालचं आवार मुर्रीच्या वाटेवरच हाये. केवळरामले भेटून ये, चार दिवस माहेरी राह्य. किती वर्षात गेली नाई तू."

केवळराम तिचा भाऊ. घोडी जाणार म्हणून तिला भरून आलं, आणि त्यातही माहेरी जायचं म्हणून बरं वाटलं. तिनं हो म्हटलं. आपण होऊन आठवण काढली, एवढं तिनं मनात जपून ठेवलं.

सकाळी निघताना घोडीच्या पाठीवर एक मोठं गाठोडं बांधून तयार होतं. यादोराव स्वतः दोर आवळत होता. शामकला चुलीशी पाठ करून बसलेली. रुख्मा तिला म्हणाली, "येतो वो, चार दिवसात येतो." शामकला उठून आली, तिच्या पाया पडली आणि पाया पडलेलीच राहिली. तिला उठवावं लागलं. "एवढं का वो, येडे," रुख्मा म्हणाली. शामकलाचं तोंड उघडलं, पण मागे यादोराव उभा होता. ती चुलीशी परत गेली.

वाटेतल्या गोरेगावात बाजाराचा दिवस होता. गर्दीतून, बैलगाड्यांमधून रुख्मा पुढे आणि घोडी मागे. रस्त्यावर एका बैलानं शिंग हलवलं तशी घोडी बिचकून बाजूला झाली, गाठोडं कलंडलं, आणि आत कशावर तरी काही आपटून ठण्ण वाजलं.

तो आवाज रुख्माला माहीत होता. विहिरीच्या थारोळ्यावर टेकताना, घडवंचीवर ठेवताना, लग्नाच्या रात्री सासरच्या उंबऱ्यावर पहिल्यांदा ठेवताना तो तसाच वाजला होता. तिनं गाठोड्याला वरून हात लावला. कापडातून गोल, थंड पितळ हाताला लागलं.

बाजाराच्या टोकाला आंब्याखाली तिनं गाठोडं सोडलं. चार दिवसांसाठी कोणी एवढं बांधत नाही. तिची सगळी लुगडी होती. फणी होती, कुंकवाचा करंडा होता, देव्हाऱ्यातला तिच्या आईनं दिलेला बाळकृष्णसुद्धा होता. मधोमध गुंड, चिंचेनं घासून लखलखीत केलेला. आत हात घातला तर तळाशी तेलाची बाटली आणि शामकलाच्या हातातल्या हिरव्या बांगड्या. तिला बोलू दिलं नव्हतं, तर तिनं तेवढं घातलं होतं.

म्हणजे काडीमोडही घेतली नाही. पंचांसमोर उभं राहायचा त्रास नको, चार शब्द ऐकून घ्यायला नकोत. घोडी पोचवायला बाईला पाठवलं आणि बाई पोचवायला घोडी. एका खेपेत दोघींची वाट लावली. तोंडातून वाईट शब्द काढला नाही त्यानं. भला माणूस!

रुख्मा रडली नाही. संतापात तिला गाठोड्याची गाठ बसेना. परत जावं, दारात उभं राहून ओरडावं, असं तिच्या मनात आलं. मग त्या दारातून आत जायला आपल्याकडे आता काय आहे, हेही मनात आलं. गोठा रिकामा झाला होता. झोपडीचं तणस बैलांनी खाल्लं होतं. घोडे तिनं स्वतःच्या तोंडानं घालवले होते. शामकलानं त्या दिवशीच सांगितलं होतं, आणि तिनं त्या पोरीला सवत म्हटलं होतं. त्या आठवणीनं मात्र तिला रडू आलं.

गाव मागे पडल्यावर, जिथून शेतं संपून दक्षिणेला जंगलाची काळी रेघ दिसते, तिथं तिनं घोडीच्या गळ्यातला दोर सोडला. गाठोडं उतरवून डोक्यावर घेतलं. "जाय माय," ती म्हणाली. "त्या तुले घेतीन. त्यायच्यात घेतात."

घोडी उभी राहिली. तिनं जंगलाकडे तोंड केलं, नाक फुलवलं, थोडी पावलं गेली आणि एकदा लांबलचक ओरडली. मग कान टवकारून थांबली. तिकडून काही आलं नाही. रुख्मा तोवर मुद्दाम तोंड फिरवून चालू लागली होती. जरा वेळानं तिच्या मागे टापांचा आवाज आला आणि मानेवर गरम श्वास लागला. तिनं हाड् हाड् केलं, ढेकूळ फेकून मारलं. घोडी थांबायची, आणि ती चालली की परत मागे यायची. रुख्मा रस्त्यातच खाली बसली आणि आता ती मोठ्यानं रडली. उभ्या जन्मात तिच्या मागे चालायला कोणी आलं ते हे, आणि त्याला न्यायला तिच्याकडे जागा नव्हती. आपल्यालाच भावाच्या ओसरीचा कोपरा मागायचा, घोडी कुठे बांधायची?

उन्हं कलली तेव्हा गोंदिया आलं. मुन्नालालच्या आवाराला मोठं लाकडी फाटक होतं. घोडी फाटकाशी थांबली, आतल्या बांधलेल्या घोड्यांचा वास घेत. रुख्मा आत गेली. घोडी तिच्या मागे आत गेली. बाजेवर पान खात बसलेला मुन्नालाल उठून उभा राहिला.

"अरे वा, बिना रस्सी के!" तो खूश होऊन म्हणाला. "यादोरावजी ने सही कहा था. बोले, आगे बाई को भेजता हूँ, घोड़ी अपने-आप पीछे चली आएगी."

रुख्मानं डोक्यावरचं गाठोडं सावरलं. सगळ्या संसारात तिनं सांगितलेल्या गोष्टींपैकी ही एक त्यानं बरोबर ध्यानात ठेवली होती.

ती मागे वळली आणि फाटकाबाहेर आली. घोडीही वळली. मुन्नालालच्या माणसानं फाटक लावून अडसर घातला. आतून घोडीच्या छातीचा धक्का फळ्यांवर बसला, एकदा, परत एकदा. मग ती ओरडली, जंगलाच्या कडेवरून बाकीच्या ओरडायच्या तशी. रुख्मानं पाय उचलले.

मुर्रीला पोचली तेव्हा केवळराम शेतातून यायचा होता. वहिनी अंगणात धान पाखडत होती. नणंद इतक्या वर्षांनी आली म्हणून ती हसून उठली, पुढे झाली, गाठोडं उतरवायला हात लावला. कापड सुटलं आणि गुंड दिसला.

वहिनीचं हसू तिथंच थांबलं. तिनं एकदा गुंडाकडे पाहिलं, एकदा रुख्माकडे. मग काही न विचारता आत गेली, आणि घडवंचीवरची स्वतःची भांडी एका बाजूला सरकवू लागली.